वादीने गुंफलेले चष्म्याचे घर

चेन्नईच्या लोकलने तांबरमकडे निघालात की पल्लावरमनंतर क्रोमपेट लागते. हे नाव देवाचे नाही की राजाचे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उभ्या राहिलेल्या क्रोम लेदर कंपनीवरून ते पडले. क्रोमियमच्या क्षारात कातडी कमावण्याची पद्धत तेव्हा नवी होती आणि मद्रासमध्ये ती रुजवण्याची खटपट आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने केली. आज आपल्या पर्सा, पट्टे, बूट बहुतांशी क्रोमच्याच चामड्याचे असतात. ते लवकर कमावले जाते, मऊ असते, रंग छान घेते. पण त्यावर अक्षर कोरायला बसलात तर ते दाद देत नाही. ओले करून ठसा मारला की उमटतो आणि वाळता वाळता फुगून सपाट होतो.

म्हणून घरी, हाताने, काठाला वादी गुंफलेले आणि वर आपली आद्याक्षरे कोरलेले चष्म्याचे घर करायचे असेल, तर हत्यारांची यादी करण्याआधी चामड्याचा निर्णय घ्या. झाडाच्या सालीत कमावलेले चामडे हाती आले, तर नवशिक्याचेही काम देखणे होते. क्रोमचे आले, तर कसलेल्या हातालाही त्यावर अक्षर टिकवता येत नाही.

चेन्नईत राहणाऱ्या किंवा कामानिमित्त तिथे जाणाऱ्या मराठी माणसाची यात मोठी सोय आहे. सालीचे चामडे हा याच मुलखाचा जुना माल. व्यापारात त्याला ‘ई. आय.’ म्हणजे ईस्ट इंडिया लेदर म्हणतात. तिरुचिरापल्ली, दिंडीगुल आणि ईरोडकडचे कारखाने ते अजून करतात, आणि २००८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी ते आवारम झाडाच्या सालीत कमावत. आवारम म्हणजे आपल्याकडे माळरानावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारा तरवड. पुढे तरवडाची साल पुरेना, म्हणून वॉटल या बाभळीच्या परदेशी भावंडाची साल आणि तिचा अर्क आला. शेवटचा हात मात्र हिरड्याचा. हिरड्याने रंग उजळ होतो आणि टिकतो. या पद्धतीची मद्रासची शेळ्यामेंढ्यांची कातडी इंग्लंडच्या बाजारात ‘पर्शियन’ नावाने विकली जात. इराणशी त्यांचा काही संबंध नव्हता.

मराठी घरांना हा माल अनोळखी वाटायचे कारण नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडेही बाभळीची साल आणि हिरड्यातच कमावतात. नवी कोल्हापुरी आधी फिकी असते, तेल पिते, वापराने तांबूस होत जाते; ई. आय. चामडे तसेच वागते. मात्र चपलेच्या तळाचे चामडे आपल्या कामाला फार जाड आणि राठ पडते. कोल्हापुरातून आणायचे असेल तर पातळ तासून घ्यावे लागेल. मुंबईकरांनी धारावीत चौकशी करावी. तिथला चामड्याचा धंदा उभा करण्यात तमिळ मुसलमानांचा मोठा वाटा होता आणि मद्रासकडच्या मालाची ओळख तिथे आजही आहे.

साल म्हणजे सगळे निर्मळ, असे मात्र समजू नका. सालीच्या हौदाचे पाणीही नदीत सोडले तर तिला मारतेच. पालार नदीच्या काठच्या टॅनऱ्यांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल पर्यावरणाच्या कायद्यात अजून उद्धृत होतो. आपण घेतो ते चामडे थोडे असते. निदान ते वाया जाऊ देऊ नये.

पेरियमेटमध्ये

चेन्नई सेंट्रल स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नेहरू स्टेडियमच्या आसपास, पेरियमेट हा चामड्याचा बाजार आहे. सिडनहॅम्स रोड आणि त्याच्या गल्ल्यांत कातड्यांचे गठ्ठे, कडी-बकलांची दुकाने, डिंक-रंगाचे विक्रेते, सगळे एकत्र सापडते. भाषेची धास्ती नको. या व्यापारात वाणियंबाडी, आंबूरकडचे उर्दू बोलणारे मुसलमान व्यापारी पुष्कळ आहेत, त्यामुळे आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत व्यवहार होतो. शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ तेवढी टाळा.

दुकानात ‘ओरिजिनल लेदर’ मागू नका, तिथे सगळेच ओरिजिनल आहे. ‘ई. आय. किप्स, दोन मिलिमीटर, रंग न दिलेले’ असे मागा. गाय-म्हशीच्या लहान, हलक्या कातड्यांना व्यापारात किप्स म्हणतात. भाव चौरस फुटावर असतो. कातड्याच्या पाठीवर आकडा लिहिलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर बारीक दुसरा आकडा. पहिला म्हणजे पूर्ण फूट, दुसरा म्हणजे पाव फूट. ५ वर बारीक २ असेल, तर साडेपाच चौरस फूट. मोठे व्यापारी अख्खे कातडेच देतात. आपल्याला लागतो जेमतेम एक फूट, तेव्हा उरलेल्या मालाचे तुकडे वजनावर विकणारा गाठावा. वादीसाठी शेळीचे पातळ चामडे वेगळे घ्या, पाऊण ते एक मिलिमीटरचे. वादी क्रोमची चालते. उलट तीच बरी, कारण तिला ओढ सहन करायची असते आणि तिच्यावर काही कोरायचे नसते.

विकणारा सांगतो म्हणून मानू नका, तपासा. कापलेल्या कडेकडे पाहा: क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर-राखाडी दिसतो, सालीच्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. थुंकी लावलेले बोट गुळगुळीत बाजूवर ठेवा. सालीचे चामडे ओल पिते आणि लगेच गडद होते, आणि त्याच ओल्या जागी नख दाबले तर खूण राहते. घरी आणल्यावर शंका राहिली तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. सालीचे चामडे आक्रसून वाकडे होते, क्रोमचे जवळजवळ तसेच राहते. जाळून पाहण्याची परीक्षाही लोक सांगतात, पण क्रोमचा धूर घरात नको.

एक गोष्ट आधीच सांगतो. ई. आय. चामडे तेलकट आणि थोडे मऊ असते. परदेशी पुस्तकांत दिसते तशी कोरीव पानेफुले त्यावर तेवढी कडक उमटत नाहीत. तीन अक्षरांसाठी ते भरपूर आहे. पहिल्याच कामात वेलबुट्टीच्या मागे लागू नये.

माप

चष्मा घडी घालून त्याच्या सगळ्यात फुगीर भागाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा. आलेल्या परिघाच्या निम्म्यात दीड सेंमी मिळवा. ती घराची रुंदी. साधारण चष्म्याला परीघ १६ सेंमी येतो, म्हणजे रुंदी साडेनऊ. चष्म्याच्या लांबीत दीड सेंमी मिळवले की उंची, बहुधा १६. पुढचा तुकडा एवढाच. मागचा तुकडा झाकणासह कापायचा आणि झाकणाला ८ सेंमी धरायचे, कारण त्यातले तीनेक सेंमी चष्म्याच्या जाडीवरून वळण्यातच जातात. पुढच्या तुकड्याच्या तोंडाला मधोमध अर्धगोल खाच द्या, म्हणजे चष्मा चिमटीत धरता येतो.

कोपरे टोकदार ठेवू नका. दहा रुपयांचे नाणे ठेवून गोलाई आखा. काटकोनी कोपऱ्यावर वादी नीट बसत नाही आणि अख्ख्या कामात डोळ्याला तेच आधी खुपते. सगळे आधी लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर करून, चष्मा घालून-काढून पाहा. कागद फुकट मिळतो.

चामडे कापताना मात्र पुढचा तुकडा चारही बाजूंनी एक सेंमी मोठा कापा. ठोकल्यावर चामडे थोडे पसरते. नेमक्या मापाने आधी कापलेला तुकडा नंतर मागच्याशी जुळत नाही. अंतिम कापणी अक्षरे झाल्यावर. कापायला चर्मकारांची रापी उत्तम. तिची सवय नसेल तर जाड कटर आणि पोलादी पट्टी पुरे. कडा पातळ करायचे काम रापीशिवाय होत नाही. ते घराजवळच्या चपला शिवणाऱ्या कारागिराकडे बसून शिकावे, त्याच्या वेळेचे पैसे देऊन. व्हिडिओ पाहून हे कसब हाती येत नाही.

अक्षरे

आद्याक्षरे कोणती, हा प्रश्न चेन्नईत जास्तच मजेचा होतो. तमिळ माणसाला बहुधा आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे, कधी गावाच्या नावाचे पहिले अक्षर आधी आणि मग स्वतःचे नाव. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचा ‘एम’ मदुराईचा आणि ‘एस’ त्यांच्या आईचा, षण्मुखवडिवु यांचा. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव अशी तीन. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचेही नाव घालायचे ठरले आहे, तेव्हा नातवंडांसाठी घर केलेत तर चार अक्षरांची जागा ठेवा.

मग रीत ठरवायची. पु. ल. आणि ग. दि. मा. या मराठी रीतीत अक्षर मात्रेसकट घेतात. जी. ए. आणि एस. एम. ही इंग्रजी आद्याक्षरे देवनागरीत लिहायची रीत. माझे मत स्पष्ट आहे: कोरायचे तर मराठी रीतच घ्यावी. ‘एस. एम.’ला सुटी चार अक्षरे आणि दोन टिंबे लागतात आणि जागा खाऊनही काही शोभा येत नाही. ‘वि’ची वेलांटी डोक्यावरून कमान टाकते, ‘पु’चा उकार खाली वळसा घेतो, या वळणांतच सजावट आहे, वरून फुले चिकटवायची गरज नाही. फक्त त्यांच्यासाठी वर-खाली जागा धरा. अक्षराची उंची ३ सेंमी असेल तर वेलांटीला सेंमीभर आणि उकाराला सेंमीभर वेगळे.

तिन्ही अक्षरे एकाच शिरोरेखेखाली टांगली की छान गठ्ठा होतो. टिंबे मग अनावश्यक. पण कोरण्याआधी ती तीन अक्षरे एकदा मोठ्याने वाचा. गा, ढ आणि व अशी आद्याक्षरे असलेला सद्गृहस्थ असू शकतो, आणि कोरलेले पुसता येत नाही.

वळणासाठी संगणकातला ठरावीक टंक सरळ उचलू नका. त्यातल्या पातळ रेषा चामड्यात हरवतात. कोरायच्या अक्षराची सर्वांत बारीक रेघही निदान दोन मिलिमीटर हवी. कोरलेली देवनागरी कशी दिसते ते पाहायला चेन्नईहून तंजावरला जा. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याच्या हकीकतीचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. दगडावरच्या अक्षराला केसासारख्या रेघा परवडत नाहीत, चामड्यालाही नाहीत. ज्यांना मोडी येते त्यांनी मोडीतही करून पाहावे. आधी रेघ ओढून तिला हात न उचलता अक्षरे लटकवायची मोडीची लकब फिरत्या पात्याच्या सुरीला फार मानवते. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून सुलेखन कुठवर नेले आहे, ते पाहून डोळा तयार होतो. आणि घरातल्या कुणाच्या जुन्या सहीत सुंदर अक्षर असेल, तर झेरॉक्सवर मोठे करून तेच घ्या.

अक्षरांची जागा पुढच्या तुकड्याच्या खालच्या भागात, झाकणाची कड संपते तिथून दोन सेंमी खाली. झाकणावर नको. झाकण रोज वाकते आणि वाकणाऱ्या जागेवरचे कोरीव काम वर्षभरात निवते.

ओल आणि ठोकणे

चामड्याच्या मागच्या, खरबरीत बाजूला रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे ठोकताना ते फार पसरणार नाही. मग स्पंजने गुळगुळीत बाजू एकसारखी ओली करा. ठिपके ठिपके नाही, सगळा पृष्ठभाग, कडेपर्यंत, नाहीतर ओलीची रेषा कायमचा डाग होऊन बसते. आता थांबा. लगेच कोरायला घेतले तर सुरी चिखलातून गेल्यासारखी जाते आणि रेघ मिटते. वरचा रंग पुन्हा जवळजवळ मूळचा दिसू लागला, पण गालाला लावून पाहिल्यावर माठाच्या बाहेरच्या अंगासारखा गारवा लागला, की वेळ झाली. पुस्तके अर्धा तास, एक तास असे सांगतात. चेन्नईत मे महिन्यात पंख्याखाली हे दहा मिनिटांत होते आणि नोव्हेंबरच्या पावसात तासानेही होत नाही. घड्याळ नको, गाल वापरा. मध्येच थांबावे लागले तर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. रात्रभर नको, बुरशी धरते.

कागदावरचे अक्षर वर ठेवून, रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून उमटवा. कार्बन पेपर नको, त्याची निळाई जात नाही. मग फिरत्या पात्याच्या सुरीने त्या रेघेवरून कापत जा. तर्जनी सुरीच्या डोक्यावरच्या खोगिरात, अंगठा आणि मधले बोट दांड्यावर, सुरी आपल्याकडे ओढायची. खोली चामड्याच्या जाडीच्या एक-तृतीयांश. दोन रेघा जिथे मिळतात तिथे केसभर अंतर सोडा. चिरा एकमेकींना छेदल्या की तो कोपरा नंतर उचकटतो. ‘क’, ‘भ’, ‘श्र’ यांच्या पोटातल्या बंद जागांत हे जपावे लागते.

आता ठोकणे. चामड्याखाली जड, सपाट दगड हवा. स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा यासाठी अगदी योग्य, आणि कडप्पा गावही चेन्नईपासून फार लांब नाही. दगडाखाली जुना टॉवेल घडी करून घाला, निदान खालच्या मजल्यावरच्यांसाठी. हातोडी लाकडी किंवा नायलॉनची घ्या. लोखंडी हातोडीने ठशाचे डोके पिचते आणि घाव आवरत नाही. ठसे विकत मिळतात, पण मोठ्या खिळ्याचे टोक कानशीने सपाट-तिरके घासून पॉलिश पेपरने चकचकीत केले तरी चांगला ठसा होतो. त्याची तिरपी बाजू चिरेच्या बाहेरच्या अंगाला ठेवून, हलके ठोके देत, प्रत्येक ठोक्याला निम्मा ठसा पुढे सरकवत जायचे. बाहेरची जागा दबते आणि अक्षर वर उठून येते. ठोक्यांच्या पायऱ्या दिसत असतील तर घाव जास्त जोराचा आहे किंवा सरकवणे जास्त होते आहे. शेवटी अक्षरांभोवतीची चौकट बारीक ठिपक्यांच्या ठशाने भरून काढली की अक्षर आणखी उठते. शिरोरेखेच्या वरची जागा मात्र मोकळी ठेवा. चारही बाजूंनी ठिपके भरले की देवनागरी गुदमरते.

ठसे, सुरी आणि हात स्वच्छ ठेवा. समुद्राकाठच्या हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो आणि गंजलेला ठसा ओल्या चामड्यावर निळा-काळा डाग पाडतो. हा डाग साबणाने जात नाही.

तोच डाग कामाला लावा

कारण तो डाग म्हणजे शाईच. सालीतला आणि हिरड्यातला टॅनिन लोखंडाला भेटला की काळा होतो. आपल्याकडे हिराकस आणि हिरडा एकत्र करून शाई करत असत, ती याच रसायनाची. मग अक्षरांना विकतचा रंग फासायचा कशाला?

काचेच्या बरणीत पांढरे व्हिनेगर घ्या, त्यात भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचा तेल-साबण धुतलेला गोळा टाका आणि आठवडाभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. गॅसच्या शेगडीजवळही ठेवू नका. लोखंड विरत आले की जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. हे फिके पाणी ब्रशने लावले की सालीचे चामडे डोळ्यांदेखत काळे होते. क्रोमवर काही होत नाही. म्हणजे चामड्याची शेवटची परीक्षाही हीच.

अक्षरे काळी करायची की पार्श्वभूमी? पार्श्वभूमी. दबलेल्या ठिपक्यांच्या जागेत ब्रश फिरवायला सोपा जातो आणि चिरेची कड रंगाला अडवते. उठलेली अक्षरे चामड्याच्या मूळ रंगाची राहतात आणि उन्हा-हाताने वर्षभरात मधाच्या रंगावर येतात. दहा मिनिटांनी खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसून घ्या, नाहीतर आम्ल चामडे खात राहते. सावलीत वाळवा. मग कापसाने एरंडेलाचा एक पुसट हात द्या. पूर्वी वहाणांना देत तेवढा नको, ई. आय. चामड्याच्या पोटात तेल आधीच असते.

वादी

आता तुकडा नेमक्या मापाला कापा. मागची खरबरीत बाजू डिंकाच्या पातळ पाण्याने ओली करून काचेच्या बाटलीने घासली की तिची कूस बसते आणि चष्म्याच्या काचेवर पडत नाही. हवे तर चष्मा पुसायचे मऊ कापड आतून चिकटवा. दोन्ही तुकडे तीन कडांना एकमेकांवर चिकटवा. एका बाजूला मधोमध दोन सेंमी जागा मात्र न चिकटवता सोडा. वादीची टोके तिथे लपवायची आहेत.

कंपासपेटीतला कर्कटक तीन मिलिमीटरवर उघडून कडेला समांतर रेघ आखा. झाकणाभोवतीही तीच रेघ चालू राहू द्या. या रेघेवर दर पाच मिलिमीटरला दोन मिलिमीटरचे भोक पाडायचे. पंचखाली जुना प्लास्टिकचा चिरण्याचा पाट ठेवा. दगडावर पंच मारलात तर पंच गेला. भोके सव्वाशे-दीडशे होतात. कंटाळा येतो आणि कंटाळ्यातच अंतर चुकते, म्हणून आधी सगळ्या खुणा करून मग पंच हातात घ्यावा.

वादी घरी कापता येते. शेळीच्या पातळ चामड्याचे १६ सेंमी व्यासाचे गोल चकते कापा. लाकडी फळीवर कटरचे पाते उभे रोवा, त्यापासून तीन मिलिमीटरवर एक खिळा ठोका आणि चकत्याची कड त्या फटीतून ओढत गोल गोल कापत जा. एका चकत्यातून सहा मीटरहून जास्त अखंड वादी निघते. ती ओली करून ताणून बांधून ठेवली की वळण जाते.

किती लागेल? साध्या वेढ्याच्या टाक्याला कडेच्या लांबीच्या साडेतीन पट, दुहेरी काजाच्या टाक्याला साडेआठ पट. आपली कड तीन बाजू आणि झाकण मिळून ६७ सेंमीच्या आसपास, म्हणजे साध्या वेढ्याला अडीच मीटर आणि काजाला पावणेसहा. नवशिक्यांना साधा वेढा सुचवला जातो. मी काजाचाच सुचवेन. साध्या वेढ्यात एक वादी तुटली की ओळ सैल होते, शिवाय कडेचा चामड्याचा काठ उघडा राहतो. काज काठ पूर्ण झाकतो आणि ज्यांनी शाळेत रुमालावर काजाचा टाका घातला आहे त्यांना तो पाचव्या भोकापर्यंत आठवतो.

एका वेळी मीटरभरच वादी घ्या. लांब वादी भोकांतून ओढून ओढून झिजते. सुई नसेल तर टोक तिरपे कापून त्याला नेलपॉलिश लावा, वाळले की बुटाच्या नाडीसारखे कडक होते. मोकळ्या सोडलेल्या जागेपासून सुरुवात करा. पुढच्या बाजूने पहिल्या भोकातून मागे जा आणि दोन सेंमी शेपूट पुढे सोडून काठावर टाका. पुढच्या भोकातून पुन्हा पुढून मागे. वादी ओढली की काठावर फुली तयार होते. त्या फुलीखालून वादी पुढून मागे घाला आणि आवळा. पुढचे भोक, नवी फुली, फुलीखालून, आवळा. एवढेच. गोल कोपऱ्यावर प्रत्येक भोकातून दोनदा जा, म्हणजे पंखा पसरल्यासारखी वादी बसते आणि फट राहत नाही.

वादीची चकचकीत बाजू कायम वर हवी. ती उलटली की तो एक टाका शंभरांत उठून दिसतो, म्हणून दर भोकाला बोटांनी सरळ करून मगच ओढा. ओढही एकसारखी ठेवा: दर वेळी त्याच दिशेने, तेवढ्याच जोराने. वादी संपत आली की जुन्या आणि नव्या वादीची टोके सेंमीभर रापीने पातळ करा, एकमेकांवर चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. शेवटी पहिली शेपूट अलगद सोडवून तिच्या जागी अखेरचा फास बसवा, दोन्ही टोके दोन थरांच्या मधे घालून डिंकाने बंद करा. मग सगळा काठ कडप्प्यावर ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोकत फिरा. वादी चपटी होऊन एकसंध दिसू लागते.

बटणासाठी पेरियमेटमध्ये दाबबटणे मिळतात, पण काजाच्या वादीला शोभतो तो वादीचाच फास आणि लाकडी घुंडी. चुंबकाचे बटण लावू नका, पाकिटातल्या कार्डांना ते बरे नाही.

घर तयार झाले की मधमाशांचे मेण एक भाग आणि एरंडेल तीन भाग गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून गार करा, त्याचा बोटभर हात काठाला द्या. दर दिवाळीला एकदा पुरे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसात चेन्नईची हवा सालीच्या चामड्याला सोसत नाही, पांढरी बुरशी येते. ती दिसली तर कोरड्या कापडाने पुसून, घर तासभर सावलीतल्या वाऱ्यावर उघडे ठेवा, उन्हात नको. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नका, चष्मा घालून रोज वापरा.